मागच्या गुरुवारी काय केलंत?

गावाचं नाव सांगणार नाही. एवढंच सांगतो की ते रायगड जिल्ह्यात आहे, म्हसळ्याहून मिनीडोरने, म्हणजे सहा-आसनी रिक्षाने, तासाभराच्या आत पोचता येतं आणि गावाच्या पायाशी खाडी आहे. माणसांची नावंही बदलली आहेत. ज्या कामासाठी गेलो होतो त्या कामाचा तो पहिलाच नियम आहे: उत्तर देणाऱ्याची ओळख फुटू द्यायची नाही. बाकीचे नियम मी जवळजवळ सगळे मोडले. हा एक तरी पाळतो.

मी बार्शीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. ‘प्रश्नावली कशी तयार करावी’ हा धडा दरवर्षी येतो. मी फळ्यावर चांगल्या प्रश्नाची लक्षणं लिहितो, मुलं ती उतरवून घेतात, परीक्षेत तीच मला परत देतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, समोरच्याने दारच उघडलं नाही तर?” पुस्तकात बघून सांगतो, म्हणालो. पुस्तकात दार नव्हतं. मी स्वतःही कधी कुणाच्या दारात उभं राहून एक प्रश्न विचारलेला नव्हता. मग रायगडातल्या तळा गावच्या एका सेवाभावी संस्थेचं सर्वेक्षण शिकवणारं शिबिर आहे असं कळलं, तेव्हा रजा टाकली. बायकोने, शुभाने, पिशवीत शेंगाचटणीचा डबा घातला आणि म्हणाली, “तिकडं सगळं नारळात असतं. हे असू दे जवळ.”

तळा

तालुक्याचं ठिकाण म्हणून तळा फारच लहान. एका टोकाला चहा घेऊन निघालात तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तो गरमच असेल. डोक्यावर गड, खाली कौलं, मधून एसटी वळण घेते तेवढीच काय ती गडबड. आमच्याकडे जानेवारीत ओठ फुटतात. इथे सकाळी रस्ता दवाने ओला असायचा आणि हवेला लाकडाच्या धुराचा वास.

संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. बाकीचे सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. मला एकट्याला खुर्ची दिली. ती नको म्हणायला हवं होतं, पण गुडघे आधीच हो म्हणून मोकळे झाले होते.

शिकवणाऱ्या मॅडम बारीक चणीच्या, आवाज खणखणीत. पहिल्या तासाला त्यांनी जोड्या लावून एकमेकांना प्रश्न विचारायला सांगितले. मी समोरच्या मुलाला विचारलं, “तुम्ही रोज व्यायाम करता ना?”

“करतो, सर.”

मॅडम त्याच्याकडे वळल्या. “खरंच करतोस?”

“नाही, मॅडम. पण सरांना वाईट वाटलं असतं.”

हॉल हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले. मग जरा सावरून विचारलं, “तुमच्या गावातला रस्ता आणि पाणी चांगलं आहे का?”

“रस्ता चांगला आणि पाणी खराब असेल तर त्याने काय सांगायचं, सर?” मॅडम म्हणाल्या. ‘एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी’ हे वाक्य माझ्या अक्षरात किती वह्यांत गेलं असेल, देव जाणे.

शेवटच्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. उत्तर सुचवायचं नाही. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, कारण पोटात गेलेलं कागदावर उतरतं. आणि चेहरा कोरा ठेवायचा. समोरचा काहीही सांगो, भुवई हलता कामा नये.

नंतर गावं वाटून दिली. संस्थेची एक दवाखान्याची गाडी आहे. एक डॉक्टर, एक नर्सबाई आणि औषधांच्या पेट्या. दर गुरुवारी ती ज्या खाडीकाठच्या गावात जाते, ते गाव माझ्या वाट्याला आलं. खाडीपलीकडचं गावही तीच गाडी मागत होतं. गाडी एक, गुरुवार एक. दोन्हीकडे विचारपूस करायची आणि जिथे गरज जास्त दिसेल तिथे पुढच्या महिन्यापासून गाडी न्यायची, असं ठरलं होतं.

“हे गावात बोलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “बोललात की अख्खं गाव अंथरूण धरेल. मी गुरुवारी गाडीबरोबर येईन, तेव्हा कागद द्या.”

रविवार, खाडीकाठी

माझी सोय बाईंकडे होती. गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात, कारण अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले आहेत. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, मुलगा पनवेलला नोकरीला. बौद्धवाडीत विहाराला लागून त्यांचं घर, अंगणात जास्वंद आणि शेवगा. मी फाटकातून आत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, तरी त्या म्हणाल्या, “कोण आहे? आवाज द्या.”

“मी बार्शीचा. सर्वेक्षणाला आलोय.”

“जय भीम. या, सर, या. उन्हातून आत बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.” खरं म्हणजे उन्हातून मी आलो होतो, त्या पडवीतच बसलेल्या होत्या. पण भूक लागली होती, आणि हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

मी चटणीचा डबा पुढे केला आणि लगेच मनात चुकचुकलं. ज्या गावाला प्रश्न विचारायचे तिथे शिरताशिरताच भेटवस्तू! बाईंनी चिमूटभर तोंडात टाकली, खोकल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे पाण्याची टंचाई आहे ना? मग एवढं तिखट कशाला खाता?”

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. मी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मधूनमधून अंडी आणि बटाटे, वरून पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती काटक्या पेटवायच्या. थेंबभर पाणी नाही. शेजारची सुगंधा, तिशीतली, बोलायला वाघीण, मडक्यावर पाणी शिंपडून कान देत होती. चर्र झालं की तयार. आमचा हुरडा असाच शेतात, असाच घोळक्याने, फक्त त्यात हा रानटी, कडवट, नाकात जाऊन बसणारा पाल्याचा वास नसतो. मी शेंगा सोलत सुटलो. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही हा नियम असा वालात बुडाला.

“काय विचारणार आहात आमच्या गावाला?” बाईंनी विचारलं.

मी पिशवीतून प्रश्नावली काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. “या धुरात मला काय दिसतंय! तुम्हीच वाचा. मोठ्यानं.”

कुणी आपला मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला तर नाही म्हणणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. मी उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेकोटीभोवतीची सात-आठ माणसं शेंगा खात ऐकत होती.

“पुन्हा एकदा वाचा,” बाई म्हणाल्या. मी पुन्हा वाचली. “आणि उद्या कुणाची घरं?”

चिठ्ठी टाकून दर पाचवं घर निवडलं होतं. तीही नावं मी वाचून दाखवली. काय ही आस्था, असं वाटून ऊर भरून आला होता. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली.

सोमवार, पैकीच्या पैकी

सकाळी निघालो तर पहिली चारही घरं बंद. त्या मुलीचा प्रश्न आठवला. एका ओट्यावरची म्हातारी म्हणाली, “आता कोण गावायचा? पानी उतारलाय. बाया कालवा काढाया गेल्यात.” आमच्याकडे बाजारचा वार टाळला की माणसं घरी भेटतात. इथे ओहोटी बघून निघावं लागतं. बंधाऱ्यावर जाऊन पाहिलं तर खाली चिखलात, तिवरांच्या मुळांशी, शिंपल्यांतली कालवं काढायला साड्या खोचून ओळीने बायका वाकलेल्या. प्रश्नावली छातीशी धरून मी वर उभा, आणि खालून हसणं.

दुपारी पाणी चढलं आणि माणसं घरी आली. मग मात्र काम असं पळालं की विचारू नका! प्रत्येक ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. माणसं अंघोळ करून, केस विंचरून बसलेली. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

“पिण्याचं पाणी—”

“उकळून. वीस मिनिटं.”

“घरात कुणाला तंबाखू—”

“घरात कुणालाही वाईट सवय नाही,” मिश्रीने काळे झालेले दात दाखवत एक मावशी म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात कुठल्याच घरात कुणी आजारी पडलं नव्हतं. दवाखान्यात कुणी गेलं नव्हतं. लहान मुलांना सगळ्या लशी, वेळच्या वेळी. आणि प्रत्येक घरात काही ना काही पुढे येत होतं: घावन, सोलकढी, कालवांचं सुकं. प्रत्येक वेळी मी आधी ‘नको’ म्हणालो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. “गाव आदर्श आहे. एकही उत्तर अडखळलं नाही.”

मॅडम म्हणाल्या, “आदर्श गाव मी अजून पाहिलेलं नाही, सर. उद्या जरा हळू जा.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. इतक्या वयात पहिल्यांदा दारोदार गेलो, चोख काम केलं, आणि शाबासकी नाही. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली: हे कागद असेच गेले तर गाडी पलीकडे जाणार. पण इथे कुणी आजारीच नाही, मग जाईना का, अशी मी समजूत घातली. शुभाचा फोन आला. “कसं चाललंय?” “सगळं ठीक,” मी म्हणालो. हे मी तिला रोजच म्हणतो.

मंगळवार, आप्पा एक विसरले

आप्पा म्हणजे बाईंचे थोरले दीर. शेजारच्याच घरात दोघं नवरा-बायको राहतात. आप्पा पांढरा बनियन घालून, पायांवर टॉवेल पसरून, ताठ बसले होते. सुरुवात छान झाली.

“घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?”

“न्हाय.”

मूल नसेल तर लशीचा प्रश्न गाळून पुढे जायचं, असं कागदावर लिहिलेलं असतं. मी पुढे गेलो. “पिण्याचं पाणी कसं घेता?”

“समद्या दिल्यात,” आप्पा म्हणाले. “वेळच्या वेळी.”

मला वाटलं ऐकू कमी येत असेल. मी पुढचा प्रश्न मोठ्याने विचारला. “शौचालय कुठं आहे?”

“उकळून. वीस मिन्टं.”

“आप्पा, तंबाखू खाता का?”

“घरामागंच हाय. पक्का बांधलेला.”

“दवाखान्यात शेवटचे कधी गेलात?”

“आमच्या घरात कुनालाबी वाईट सवय न्हाय!”

आतून काकूंचा आवाज आला, “अवो, एक इसारलाव तुमी! लशीचा त्यांनी इचारलाच न्हाय!”

मी पेन खाली ठेवलं. आप्पा ओशाळून सरकले, तसा पायांवरचा टॉवेल घसरला. उजव्या पावलाला घोट्यापर्यंत पांढरी पट्टी होती.

“हे काय, आप्पा?”

“ह्ये? ह्ये काय न्हाय. साखरंचा हाय. गुरवारची नर्सबाय बांधून जाते.”

“मग दवाखान्यात जाता की तुम्ही!”

आप्पांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “आमी कुटं जातो? दवाखानाच येतो.”

एवढं ऐकलं आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. उत्तर पाठ केलेलं होतं हे तर झालंच, पण पाठ केलेलं नसतं तरी आप्पांनी ‘गेलो नाही’ असंच सांगितलं असतं. अख्ख्या गावाने सांगितलं असतं. कारण मी विचारलं होतं ‘दवाखान्यात गेलात का’, आणि गावातून कुणी जातच नव्हतं. माझ्या प्रश्नाने गाडी पलीकडे जाणार होती, आणि आप्पांना त्या पायाने दर आठवड्याला मिनीडोरमध्ये कोंबून म्हसळ्याला जावं लागणार होतं.

पाण्याची कळशी घेऊन आलेल्या सुगंधाला मी बाहेर गाठलं. तिने हसतहसत मोबाईल काढून वाडीच्या ग्रुपवरचा निरोप ऐकवला. बाईंचा वर्गातला आवाज: “एक. माणसं किती, ते खरं सांगा. दोन. आजारी कुणी नाही. तीन...” आणि शेवटी, “सर बिचारे नवीन आहेत, घामाघूम झालेत. त्यांना जास्त थांबवू नका. काहीतरी खायला घाला.”

“तुमच्यासाटीच केलाव, सर,” सुगंधा म्हणाली. “तुमी काल बंधाऱ्यावर उभे होताव ना, आमाला वाटला ह्यो मानूस आता रडतोय.”

बाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. सुपाकडे न बघता, बोटांनीच. मी विचारलं, “बाई, उत्तरं तुम्ही पाठवलीत?”

“पाठवली. का? कुणी चुकलं?”

“आप्पा एक विसरले.”

“तरी दोनदा म्हणून घेतलं होतं त्यांच्याकडून!”

“बाई, ही परीक्षा नव्हती.”

त्यांचे हात थांबले. “कागद घेऊन माणूस दारात आला की ती परीक्षाच असते, सर. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा हुशार मुलं मी पुढे बसवायची. आपली वाडी कुठे कमी पडते असं कुणाच्या कागदावर लागता कामा नये, एवढंच मी आयुष्यभर बघितलंय.” मग जरा हळू आवाजात, “खरं सांगितलं तर काय होणार आहे?”

“ते मला सांगता येत नाही.”

“आणि खोटं सांगितलं तर?”

“तेही नाही.”

“म्हणजे काहीतरी होणार आहे.”

मी चेहरा कोरा ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. ज्या बाईंच्या घरी तीन दिवस जेवतोय, त्यांच्याच गावाची गाडी पणाला लागली आहे हे पोटात ठेवणं मला फार जड गेलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर पुढची सगळी उत्तरं पुन्हा ठरवूनच आली असती.

“बरं,” बाई म्हणाल्या. “नाही विचारत.” त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला. “ऐका. मी दिलेली उत्तरं विसरा. उद्या सर नवे प्रश्न विचारतील. जे आहे ते सांगा. कुणीही पाठ करून बसायचं नाही.”

म्हसळा

मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं झापतील. त्या इतक्या हसल्या की फोन दूर धरावा लागला. “आप्पांचं मी पुढच्या शिबिरात सांगणार,” त्या म्हणाल्या. “जुने कागद बाद. नवी घरं काढा. आणि प्रश्न असा करा की त्याला पाठ उत्तरच देता येणार नाही.”

म्हसळ्याला स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मी प्रश्नावली नव्याने लिहिली. दुकानदार चाचा दर दहा मिनिटांनी डोकावून म्हणायचे, “हुआ क्या, सर? होऊ द्या, होऊ द्या, आरामात.” ‘दवाखान्यात गेलात का’ खोडलं. त्याजागी लिहिलं: ‘मागच्या गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत काय केलंत?’ तंबाखू, पाणी, सगळं असंच कालचं आणि परवाचं करून टाकलं. आणि शेवटी एक प्रश्न नवीन घातला: वाचताना, शिवताना, धान्य निवडताना दिसायला त्रास होतो का?

हा प्रश्न मी एका माणसाकडे बघून घातला, हे कबूल करतो. फोनवर मॅडम म्हणाल्या, “डोळ्यांचं राहूनच गेलं होतं, असू दे.” त्याने माझं ओझं थोडं कमी झालं, पूर्ण नाही.

चाचांनी पानं लावून दिली, वर वेलदोड्याचा चहा पाजला. ते माझे उत्तरदाते नव्हते, म्हणून तो एक चहा मी निर्धास्तपणे प्यायलो.

बुधवार, पुन्हा दारोदार

सुगंधाने पातेल्यातून नव्या चिठ्ठ्या काढल्या. आदल्या फेरीतली घरं बाजूला ठेवली होती. भरतीची वेळ बघून निघालो.

पहिल्या दिवशी एका घराला दहा मिनिटं लागली होती. आता एकेक घर तासभर. “मागच्या गुरवारी?” एक बाई म्हणाली, “थांबा हां. बुधवारी म्हावरा आनला व्हता, म्हंजे गुरवारी... व्हय, सासूबायला घेऊन गाडीवर गेलू. तिचा बीपी वाढलेला. मंग नर्सबायनं बसवून ठेवला, मंग भात करपला...” करपलेल्या भातातून म्हातारीच्या गोळ्यांपर्यंत सगळं बाहेर आलं. दुसऱ्या घरात मुलाच्या खोकल्याचं औषध, तिसऱ्यात पोटुशी सून. एक तरुण मात्र म्हणाला, “गुरुवारी मी झोपलेलो. गाडी आली का गेली, काय माहीत नाय.” हे उत्तर गावाची गाडी घालवणारं होतं. पण लिहिलं.

शेवटची चिठ्ठी बाईंच्या घराची निघाली होती.

त्या इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या. जणू मी तीन दिवस त्यांच्याकडे राहतच नव्हतो. मीही ओळख नसल्यासारखं विचारलं, “मागच्या गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत काय केलंत?”

“सकाळी विहार झाडला. आप्पांना धरून गाडीपर्यंत नेलं. रांग लावली. भांडणं मिटवली. डॉक्टरांना चहा दिला.”

“तुम्ही स्वतः तपासून घेतलंत?”

“नाही. मला काय धाड भरलीय!”

मी एकेक प्रश्न करत शेवटच्यावर आलो आणि तो वाचला. बाईंनी मान वर केली. 

“हा प्रश्न रविवारी नव्हता,” त्या म्हणाल्या.

“नव्हता. नवीन घातलाय.”

“उत्तर बाहेर जाणार नाही ना?”

“नाही. तो नियम आहे.”

“मग लिहा.” त्यांनी पदर सारखा केला. “गणपतीपासून मला वाचता येत नाही. आधी पेपर गेला, मग मोठी अक्षरं. आता तुमचा चेहराही मला नुसता ढगासारखा दिसतो. वाडीत येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो, सर. रेशनचा, बँकेचा, कोर्टाचा. मी म्हणते, ठेवून जा, निवांत बघते. मग मुलाला फोटो पाठवते, तो फोनवर वाचून दाखवतो, ते मी ऐकून पाठ करते आणि लोकांना सांगते. ज्या बाईने गावाला वाचायला शिकवलं तिलाच वाचता येत नाही, हे कुणाला सांगू?”

दर गुरुवारी त्या रांग लावायला पुढे उभ्या राहायच्या, त्या स्वतः तपासायच्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून. हे मला तेव्हा उमगलं.

चेहरा कोरा ठेवायचा नियम मी त्या क्षणी मोडला. माझे डोळे भरून आले, ओठ वाकडे झाले. पण समोरच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. त्यांना ते दिसलंच नाही.

मी ‘होय’वर खूण केली.

गुरुवार

गाडी सकाळी आली. मॅडम खाली उतरल्या, मी कागद दिले, बाद झालेले वेगळे बांधून दिले. त्यांनी वरचं पान उघडून वाचलं, दुसरं वाचलं, आणि एवढंच म्हणाल्या, “हे माणसांचं आहे.”

विहाराजवळ रांग लागली होती. सुगंधा ओरडली, “बाई, नंबर कोन लावनार?”

“तू लाव,” बाई म्हणाल्या. त्यांनी आप्पांचा हात धरला आणि आप्पांच्या मागे, रांगेत, उभ्या राहिल्या. आप्पांना वाटलं त्या आपल्याला सांभाळताहेत. कोण कुणाला धरून चाललं होतं, मला माहीत होतं. मी खाडीकडे बघत राहिलो. पाणी चढत होतं.

निघताना बाईंनी माझा चटणीचा डबा परत दिला, आत सुकवलेले वालाचे दाणे भरून. मी नको म्हणालो नाही.

बार्शी

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. पलीकडच्या गावाची गरजही खरीच निघाली होती. म्हणून गाडी आता एक गुरुवार इकडे, एक गुरुवार तिकडे जाते. मधल्या गुरुवारी नर्सबाई एकट्या एसटीने येऊन आप्पांसारख्यांच्या पट्ट्या बदलतात. पूर्ण जिंकलो असं नाही. गाव अर्धी गाडी हरलं, आणि ती माझ्या कागदांवरून हरलं, याची टोचणी आहे. पण आदर्श गावाच्या कागदांवर ती पूर्णच गेली असती.

त्यानंतर एका संध्याकाळी बाईंचा फोन आला. “सर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. तुमची ती प्रश्नावली घरात राहिली होती, ती आज वाचून काढली. स्वतः.” आणि मग, “आता तुम्हाला कुठे लिहायचं असेल तर माझंही लिहा. दिसतंय आता, लपवायचं काय?” म्हणून हे लिहिलं.

“शेवटचा प्रश्न बरा आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “पण लोक आधी नाहीच म्हणतील. ‘सुई ओवायला कुणाची मदत घेता’ असं विचारा.” मी ते लिहून घेतलं.

“बरं, तुमचं कसं चाललंय?”

“सगळं ठीक आहे, बाई.”

“हे पाठ केलेलं उत्तर झालं,” बाई म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी काय केलंत? सकाळपासून सांगा.”

मी हसलो. मग हसू थांबलं. शुभा ओट्याशी भाजी चिरत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो, दोघींनाही ऐकू जाईल असा फोन ओट्यावर ठेवला, आणि बुधवारी रात्री मला झोप लागली नव्हती, तिथपासून सांगायला सुरुवात केली.